गरोदरपण आणि रसायनं: सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

केसपेपरवर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. आमच्याकडे त्यात बहुतेक वेळा 'गृहिणी' लिहून येतं. मग रक्तदाब मोजता मोजता कळतं की ही गृहिणी रोज सात-आठशे विड्या वळते, दुसरी पूर्व भागातल्या कारखान्यात कांडी भरते, तिसरी छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागेत रोजंदारीवर जाते. सुरुवातीची काही वर्षं मीही 'गृहिणी' लिहून मोकळी होत होते. पुढचे प्रश्न तपासणीच्या दिवशी, फोनवर आणि जाता जाता दारात उभं राहून विचारले गेलेले आहेत. शक्यतो विचारणारीच्याच शब्दांत ठेवलेत. हे वाचून स्वतःच्या गोळ्या सुरू किंवा बंद करू नका, एवढी एकच अट.

१. आम्ही कुठल्या केमिकल कंपनीत जात नाही. मग हे आम्हाला कशाला?

कारण रसायन कंपनीच्या गेटाआडच असतं असं नाही. विडीची तंबाखू, रंगाची पूड, बागेत मारलेलं 'औषध', धान्यातली गोळी, संडास धुवायचं ॲसिड, बंद न्हाणीतला गॅस गीझर, गोरं करणारं क्रीम, हे सगळं त्यातच आलं. आपल्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात आणि तिथेच घात होतो. औषध म्हटल्यावर कोण घाबरणार?

अंगात जायला वाटा तीनच: श्वास, तोंड आणि कातडी. तिसरी वाट बहुतेकींच्या लक्षातच येत नाही.

२. बाळाला काय होईल ते सगळे सांगतात. पण माझ्या तब्येतीला काय होतं?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

गरोदरपणात शरीर बदलतं. श्वासातून आत जाणारी हवा साधारण ३० ते ५० टक्क्यांनी वाढते, म्हणजे त्याच खोलीत बसलेल्या जावेपेक्षा तुमच्या छातीत जास्त धूळ जाते. रक्तातला पातळ भाग ४०-५० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन आधीच उतरलेलं दिसतं. किडनीवरचं काम वाढतं. कातडीकडे रक्त जास्त वाहतं. बाळासाठी कॅल्शियम लागतं, ते जेवणातून मिळालं नाही तर हाडांतून निघतं आणि त्याबरोबर हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसंही रक्तात उतरतं (प्रश्न १२).

याचा परिणाम प्रत्येक रसायनागणिक वेगळा. शिशाने रक्त कमी होतं आणि रक्तदाब चढतो. पारा किडनीवर जातो. फवारणीची काही औषधं नसांवर, काही थायरॉइडवर परिणाम करतात. सुताची धूळ आणि रंगाची पूड दमा उठवतात. धूर रक्तातला ऑक्सिजन कमी करतो. आणि हे त्याच अंगाला होतं ज्याच्यावर ॲनिमिया, वाढलेला रक्तदाब आणि बाळंतपणातला रक्तस्राव यांची टांगती तलवार आधीच असते.

अडचण अशी की यातली बरीच लक्षणं गरोदरपणाच्या नेहमीच्या त्रासासारखीच असतात: मळमळ, चक्कर, डोकेदुखी, थकवा. 'दिवस गेलेत, होणारच' म्हणून सोडून दिलं जातं. फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: सुट्टीच्या दिवशी, माहेरी चार दिवस राहिल्यावर, त्रास उतरतो का? आणि कामाला बसलं की तासाभरात परत चढतो का? उत्तर 'हो' असेल तर तो नुसता दिवसांचा त्रास नाही.

३. दिवस गेल्याचं दीड महिन्यानं कळलं. तोवर रोज काम केलं. आता बाळ ठेवावं का?

एवढ्याच कारणावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. गर्भ राहिल्यापासूनच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत मोठी इजा झाली तर बहुधा गर्भ टिकतच नाही. टिकला तर सहसा नीट वाढतो. अवयव घडण्याचा नाजूक काळ त्यानंतरचा, साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा. कशाचा संपर्क होता, किती आणि कसा, यावर सगळं ठरतं, आणि रोजच्या कामातल्या बहुतेक संपर्कांत तातडीनं घाबरण्यासारखं काही निघत नाही. फोलिक ॲसिड लगेच सुरू करा, संपर्क आजपासून तोडा आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. काहीही संपर्क नसलेल्या बायकांतही शंभरात दोन-तीन बाळांना जन्मतः मोठं व्यंग असतं, हेही ध्यानात असू द्या. नाही तर पुढं काहीही झालं की बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत बसते.

४. मी तंबाखू खात नाही, फक्त विड्या वळते. तरी त्रास होतो का?

होतो. सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीपासून कुंभारी गावापर्यंत सगळीकडून सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच.

निकोटिन कातडीतून आत जातं, आणि कातडी ओली असली तर जास्त लवकर जातं. विडीचं पान भिजवून, ओलसर असतानाच कापायचं आणि वळायचं असतं, म्हणजे हात दिवसभर दमट. वर सुपातल्या तंबाखूची धूळ नाकातोंडात. तंबाखू कधी तोंडात न धरलेल्या विडी कामगारणींच्या लघवीतही निकोटिनपासून तयार होणारं कोटिनिन सापडतं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर, घाम असा त्रास होतो. त्या आजाराला डॉक्टरांनी वेगळं नावही दिलंय. तिसऱ्या महिन्यानंतरही उलट्या थांबत नसतील आणि तुम्ही विड्या वळत असाल, तर प्रश्न २ मधली सुट्टीची परीक्षा करून बघा.

निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढते, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. त्यात दिवसभर मांडी घालून, मान खाली घालून बसणं आणि जेवण उशिरा. ॲनिमिया असला तर हे सगळं दुप्पट जाणवतं.

काम सोडा म्हणणं मला सोपं आहे. हजार विड्यांच्या मजुरीवर किराणा येतो, हे मला माहीत आहे. म्हणून जे होण्यासारखं आहे ते सांगते. सूप दारात किंवा ओट्यावर घेऊन बसा, आतल्या खोलीत नको. तंबाखू चाळणं, झटकणं, पोतं उपसणं हे धुळीचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. नाकातोंडाला ओला रुमाल बांधा. जेवणाआधी हात साबणाने धुवा. नुसतं पदराला पुसून भाकरी मोडली की तंबाखू पोटात गेलीच. ज्या खोलीत झोपता तिथं तंबाखूचं पोतं ठेवू नका. शेवटच्या तीन महिन्यांत रोजचा आकडा कमी करा. हातमोजे घाला म्हणून पूर्वी मी सांगायचे, पण मोज्यांनी विडी वळता येत नाही. ते सांगणं सोडलं.

५. मी मिसरी लावते, पण गिळत नाही. आणि न लावली तर पोट साफ होत नाही.

गिळायची गरजच नाही. हिरड्यांतून आणि गालाच्या आतल्या कातडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिसरी, गुटखा अशी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि बाळंतपणही लवकर झालं. आईला ॲनिमिया आणि वाढलेला रक्तदाब यांचा धोका असतो तो वेगळाच.

पोट साफ होण्याचं म्हणाल, तर निकोटिन आतड्यांना ढोसतं हे खरं. त्यावर सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, लागलं तर इसबगोल. एकदम सोडली तर बाळाला त्रास होईल ही भीती मनातून काढा, उलट आहे. आठवडाभर चिडचिड होईल, डोकं धरेल, मग उतरेल. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

६. लूमवर, डाइंगला किंवा गारमेंटमध्ये काम चालतं का?

तिन्ही ठिकाणचा त्रास वेगळा. कांडी भरताना आणि लूमच्या खात्यात सुताची धूळ असते: खोकला, छाती भरणं, दमा. डाइंगमध्ये रंगाची पूड, कॉस्टिक, आणि हायड्रोचा (सोडियम हायड्रोसल्फाइटचा) नाकात झोंबणारा वास. रिॲक्टिव्ह रंगाची सुकी पूड श्वासात जाऊन दमा होऊ शकतो. एकदा ती ॲलर्जी बसली की चिमूटभर पूडही पुरते. गरोदर बाईने रंग तोलायचं आणि कालवायचं काम अजिबात करू नये. गारमेंटमध्ये शिलाईपेक्षा डाग काढायच्या लिक्विडकडे लक्ष द्या: थिनर, पेट्रोल असं काही बंद खोलीत वापरत असतील तर ते टेबल दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा.

दमा असेल तर एक गोष्ट नीट ऐका. इनहेलर बंद करू नका. 'दिवसांत औषध नको' म्हणून पंप ठेवून देणाऱ्या बायका मी दर पावसाळ्यात बघते. आटोक्यात नसलेला दमा आईला आणि बाळाला दोघांनाही पंपापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा.

७. द्राक्षाच्या डिपिंगला, डाळिंबाच्या बागेत जाते. कितव्या महिन्यापर्यंत जाऊ?

महिन्यापेक्षा काम कुठलं आहे ते बघा.

घड बुडवायचं जीए (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवायचं संप्रेरक) स्वतः फारसं विषारी नाही. पण बादलीत नुसतं जीए आहे की सोबत अजून काही मिसळलंय, हे बुडवणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. विचारा. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड मात्र गरोदर बाईने हातात धरू नये: कातडी भाजते, आणि ते अंगात गेल्यावर दारू पोटात गेली तर जोरदार त्रास होतो (हे घरच्या पुरुषांनीही वाचावं). डाळिंबाच्या बहार धरताना पानगळीसाठी इथेफॉन मारतात, त्या दिवशी बागेत जाऊ नका. मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशकं द्राक्ष आणि डाळिंब दोन्हीवर पडतात. त्यांच्यापासून तयार होणारा एक घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणतो. बागेत नियमित काम करणाऱ्या गरोदर बाईने टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्यावं, असं माझं मत.

डब्यावरचा त्रिकोण बघायला शिका. वाचता येत नसेल तरी रंग कळतो. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वात सौम्य. लाल-पिवळ्याच्या जवळपास फिरकायचं नाही. फवारणी सुरू असताना नाही, फवारा वाळेपर्यंत नाही, आणि डब्यावर जितके दिवस बागेत जाऊ नका असं लिहिलंय तितके दिवस नाही. विरळणी, पाला काढणं ही कामं फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी लावतात. त्यात पानावरचं सगळं हाताला आणि पदराला येतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालता तो उन्हासाठी घालता, पण इथेही कामी येतो.

८. मी शेतात जात नाही. नवरा फवारणी करतो, कपडे मी धुते.

मग तुमचा संपर्क कपड्यांतून आहे. पंपाची गळती पाठीवर झालेली असते आणि ओला शर्ट तुम्ही हाताने चोळता. ते कपडे ज्याने घातले त्याने धुवावेत, निदान हे नऊ महिने. ते शक्यच नसेल तर रबरी मोजे घालून, वेगळ्या बादलीत, आधी पाण्यातून दोनदा खळबळून मग साबण, आणि वाळत घालायचे उन्हात. बाळाच्या दुपट्यांच्या बादलीत नाही. औषध ओतलेले डबे धुऊन त्यात डाळ-तांदूळ भरणं अजूनही दिसतं. ते डबे फोडून टाका.

९. रक्तात कीटकनाशक उतरलंय का, याची टेस्ट असते का?

सगळ्या औषधांची एक अशी टेस्ट नाही. ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशकांच्या गटांसाठी रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासतात; ही औषधं अंगात गेली की हे एन्झाइम उतरतं. इथे एक मेख आहे: गरोदरपणात रक्तद्रवातलं कोलिनेस्टरेज आपोआपच उतरतं. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते. त्यामुळे किंचित कमी आकडा बघून विषबाधा ठरवू नये, आणि लक्षणं ठळक असताना रिपोर्टची वाट बघत उपचारही थांबवू नयेत. तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, बाहुल्या बारीक, घाम, जुलाब, स्नायू उडणं असं दिसलं की सरळ प्रश्न १८.

१०. ज्वारीच्या पोत्यात गोळ्या टाकतो. त्याच खोलीत झोपते.

कुठल्या गोळ्या, यावर उत्तर आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील तर आज रात्री त्या खोलीत झोपू नका. हवेतल्या दमटपणाने त्या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो, सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास येतो आणि कधी वासही कळत नाही. या गोळ्या घरात वापरण्यासाठी नाहीतच. फॉस्फीनवर उतारा नाही. छाती आवळली, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर घरातल्या सगळ्यांना बाहेर काढून दवाखाना गाठा.

पारद टिकडीच्या नावातच पारा आहे; दिवस गेलेल्या घरात ती नको. बोरिक पावडर चोळलेलं धान्य नीट पाखडून, धुऊन, वाळवून मगच दळा. मालदांडी ज्वारी कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून कणगीत ठेवणारे आजही आहेत. थोडी कीड लागेल. लागू द्या.

११. माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटते. पेट्रोलचा, फिनेलचा वास आवडतो. हे डोहाळेच ना?

डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतात, पण बहुतेक वेळा याच्या मागे लोह कमी असतं. हिमोग्लोबिन तपासा: ११ च्या खाली ॲनिमिया, ७ च्या खाली गंभीर. भाजक्या मातीतून शिसं आणि जंत पोटात जातात आणि लोह शोषलं जाण्यात अडथळा येतो, म्हणजे ज्या कमतरतेमुळे माती खाल्ली तीच वाढते. लोहाच्या गोळ्या नीट सुरू झाल्या की काही आठवड्यांत ही ओढ आपोआप जाते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. पेट्रोल-थिनर हुंगणं सरळ थांबवा. डांबराच्या गोळ्या चघळणारीही मला भेटली आहे. त्याने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते.

१२. शिसं घरात कुठून येणार?

देवाचा शेंदूर म्हणजे बहुधा शिशाचंच संयुग. हळद-चुन्याचं कुंकू वेगळं, बाजारातलं भडक लाल वेगळं. कल्हईवाल्याने कथलात शिसं मिसळलं तर पितळेच्या भांड्यातल्या आंबट आमटीत ते उतरतं. सुट्ट्या हळदीला पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट (शिशाचं पिवळं संयुग) घालणारे सापडतात. सुरमा, काही भस्मं (नागभस्म म्हणजे शिसंच), जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम, जुन्या रंगाचे पापुद्रे. २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भागांपेक्षा) जास्त असायला नको, पण भिंतीवरचा रंग त्याआधीचा असला तर दिवाळीच्या घासकामातून गरोदर बाईला बाहेर ठेवा.

रक्ततपासणी होते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, आणि जेवणात कॅल्शियम-लोह कमी पडत असेल तर त्याच्या गोळ्या. तशाही चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज मिळतातच. त्या खिडकीत ठेवू नका, खा. फक्त लोहाच्या गोळीबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेवा.

१३. पाचव्या महिन्याआधीच लघवीत प्रोटीन निघालं. बीपीचा आजार आहे म्हणतात.

गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार साधारण २० आठवड्यांनंतर दिसतो. त्याआधीच प्रोटीन जात असेल, चेहरा सुजत असेल, तर किडनीचं दुसरं कारण शोधायला हवं. मी पहिला प्रश्न विचारते: क्रीम कुठलं लावता? पंधरा दिवसांत गोरं करणाऱ्या, डबीवर उत्पादकाचा धड पत्ता नसलेल्या क्रीममध्ये पारा सापडतो. केरळात मलप्पुरमला अशा क्रीममुळे किडनीचा आजार झालेले रुग्ण २०२३ मध्ये पुढे आले. क्रीम बंद केल्यावर बऱ्याच जणांची किडनी सुधारते, म्हणून हे वेळेत सांगणं महत्त्वाचं. ती डबी लपवू नका, दवाखान्यात घेऊन या.

१४. डोहाळे जेवणाला मेंदी काढू का? केस रंगवू का?

पाल्याची साधी मेंदी खुशाल काढा. तासाभरात काळीभोर होणारी मेंदी नको: त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी असतं, फोड येतात. केसांचा रंग कातडीतून अगदी थोडा शोषला जातो. तीन महिने झाल्यावर, हवेशीर जागी, मोजे घालून चालतो.

१५. फिनेल, ॲसिड, मच्छर कॉइल?

फिनेलने फरशी पुसा, खिडकी उघडी ठेवा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नाही, त्यातून क्लोरीन सुटतो. बंद खोलीत कॉइल म्हणजे धूरच. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाले. मच्छरदाणी लावा. औषध लावलेली मच्छरदाणी गरोदरपणात सुरक्षित आहे, आणि डेंग्यू-मलेरिया हा कॉइलपेक्षा मोठा धोका असल्यामुळे 'काहीच नको' हेही उत्तर नाही.

१६. बोअरचं पाणी उकळून पिते. चालेल ना?

जंतूंसाठी चालेल. नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतंच. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइडची १, दुसरा स्रोत नसेल तर १.५. नायट्रेट जास्त झालं की रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते. सर्वात मोठा धोका त्या पाण्यात वरचं दूध कालवून पाजलेल्या तान्ह्या बाळाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. ग्रामपंचायतीला विचारा, आधीचा रिपोर्ट असेल.

१७. चुलीवरचा बंब, गॅस गीझर, बाळंतिणीची शेगडी यातलं काय बंद करू?

न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर आधी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. डोकं जड होतं, पाय गळतात, बाई तिथेच बसते. तो वायू बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त साठतो आणि उशिरा उतरतो, म्हणून आई शुद्धीवर आली तरी ऑक्सिजन जास्त वेळ द्यावा लागतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं: ९८ दाखवेल. त्या आकड्यावर घरी परतू नका.

बाळंतिणीची शेगडी हा नाजूक विषय. शेक-धुरी बंद म्हटलं की सासूबाईंचा चेहरा पडतो. मी बंद म्हणतच नाही. निखारे बाहेर पेटवून, धूर गेल्यावर आत आणा, दार-खिडकी फटभर उघडी, शेक झाला की शेगडी बाहेर. रात्रभर खाटेखाली ठेवलेली शेगडी मात्र नाही म्हणजे नाही. बाळंतिणीचं रक्त आधीच कमी झालेलं असतं.

१८. अंगावर सांडलं, श्वासात गेलं, पोटात गेलं, तर पहिली दहा मिनिटं काय?

मोकळ्या हवेत न्या. कपडे काढा, लाजत बसू नका. भरपूर पाण्याने, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका: ॲसिड येताना पुन्हा भाजतं, रॉकेल-थिनर फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा आणि डबा, पाकीट, गोळीचं वेष्टन सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११६-११७ आहे.

नातेवाईक विचारतात, 'दिवसात आहे, इंजेक्शन चालेल का?' ॲट्रोपीनसारखा उतारा गरोदर बाईलाही द्यावाच लागतो. आईचा श्वास थांबला तर पोटातलं बाळ वाचत नाही. आणि मुद्दाम घेतलं असेल तरी खरं सांगा. काय घेतलं हे कळण्यातच अर्धा उपचार आहे. त्या बाईला तेव्हा रागावू नका.

१९. मालक म्हणतो जमत नसेल तर घरी बस. हक्क काय?

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे कामावर घेताच येत नाही. गरोदर आहे म्हणून काढून टाकणं बेकायदा. घरी बसून विड्या वळणारीलाही १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने कामगार धरलं. ओळखपत्र आणि माल दिल्याच्या नोंदी जपून ठेवा, हक्क मागताना त्याच लागतात. मालकाशी भांडायच्या आधी डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या: 'रंग कालवण्याचे काम देऊ नये', 'फवारणीच्या ठिकाणी पाठवू नये'. बऱ्याचदा रजेपेक्षा कामाची अदलाबदल लवकर मिळते.

२०. विड्या वळते, बागेत जाते. मग अंगावरचं दूध पाजू नको का?

पाजा. जवळजवळ प्रत्येक बाबतीत आईचं दूधच बरं, विशेषतः प्रश्न १६ मधलं पाणी घरात असेल तर. कामावरून आल्यावर हात, तोंड, छाती साबणाने धुवा, साडी बदला, मग बाळाला घ्या. मिसरी सुटत नसेल तर पाजल्यानंतर लावा, आधी नाही, आणि सुटेपर्यंत प्रयत्न करत राहा. शिसं खूप जास्त निघालं असेल किंवा मोठी विषबाधा झाली असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच पाजा.

२१. तपासणीला येताना यातलं नेमकं काय सांगू? डॉक्टर तर विचारतच नाहीत.

विचारलं नाही तरी सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी असते, गर्दी असते, तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून आणा, मुलीकडून लिहून घेतली तरी चालेल. काम काय, रोज किती तास, खोली केवढी, घरात फवारणी कोण करतं, चूल की गॅस, पाणी कुठलं, तोंडाला काय लावता, चेहऱ्याला काय लावता. आणि 'व्यवसाय' च्या रकान्यात 'गृहिणी' दिसलं तर त्यापुढे लिहायला लावा: रोज आठशे विड्या, दहा बाय दहाची खोली, खिडकी एक.